रूपांतरित खडक आणि आद्य समुद्र : एका पुराव्याचा इतिहास

पृथ्वीवर समुद्र केव्हापासून अस्तित्वात आहे आणि प्रारंभी त्याचे पाणी कसे होते, हे भूविज्ञानातील मूलभूत प्रश्न होत. समुद्राचे पाणी स्वत:चा इतिहास जपून ठेवीत नाही. ते सतत ढवळले जाते, बाष्परूपाने वर जाते आणि पर्जन्यरूपाने परत येते. आजच्या महासागरांचा तळही फार जुना नाही. त्यांखालील कवच जवळजवळ सर्वत्र गेल्या २० कोटी वर्षांतच निर्माण झालेले आहे. तेव्हा प्राचीन समुद्राची साक्ष काढावयाची तर ती खंडांवरील जुन्या खडकांतूनच काढली पाहिजे. येथे अडचण अशी की, ३६० कोटी वर्षांहून जुने असे जे थोडे खडक उपलब्ध आहेत, ते सर्व उष्णता व दाब यांखाली रूपांतर पावलेले आहेत. साक्षीदार आहे, परंतु तो अग्निदिव्यातून गेलेला आहे, आणि त्या दिव्यात त्याची मूळ स्मृती किती उरली हाच वादाचा विषय आहे.

या साक्षीचा इतिहास पाहताना एक गोष्ट विशेष लक्षात येते. सर्पेंटाइन हे हिरवट, मऊ खनिज या इतिहासात दोन वेळा पुढे येते. एकोणिसाव्या शतकात त्याच्या आकृतीवरून समुद्राची व त्यातील जीवांची कल्पना करण्यात आली, व ती फसली. एकविसाव्या शतकात त्याच खनिजातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांवरून समुद्राच्या पाण्याचे मोजमाप करण्यात आले, आणि त्या निष्कर्षाला आज अधिक गंभीर स्थान आहे. या दोन प्रसंगांतील अंतर म्हणजेच पुराव्याच्या शास्त्राची प्रगती होय.

१. वेर्नर ते लायेल

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रायबर्ग येथील आब्राहाम वेर्नर यांच्या मते ग्रॅनाइट, पट्टिताश्म व सुभाजा हे खडक एका आद्य विश्वव्यापी समुद्रातून रासायनिक रीतीने खाली बसलेले होते. या मताप्रमाणे स्फटिकी खडकांत समुद्राचा पुरावा शोधण्याची आवश्यकताच नव्हती. तो खडक स्वत:च समुद्राचे अपत्य ठरत होता. एडिंबरो येथील जेम्स हटन यांनी या मताच्या विरुद्ध पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेला प्राधान्य दिले. पुढे चार्ल्स लायेल यांनी १८३३ मध्ये, आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, उष्णतेने स्वरूप पालटलेल्या खडकांसाठी ‘रूपांतरित’ ही संज्ञा रूढ केली.

लायेल यांच्या संज्ञेने एक प्रश्न सुटला व दुसरा निर्माण झाला. सुभाजा हा एके काळचा चिखल असू शकतो, संगमरवर हा एके काळचा चुनखडक असू शकतो, हे मान्य झाले. परंतु ‘असू शकतो’ आणि ‘आहे’ यांतील अंतर कसे ओलांडावयाचे? रूपांतरणात जीवाश्म नाहीसे होतात, कण पुन्हा स्फटिकीभूत होतात, थर दुमडतात व ताणले जातात. मूळ खडक समुद्रात निर्माण झाला होता, हे मग कशावरून सिद्ध करावयाचे, याचे उत्तर लायेल यांच्या काळी कोणापाशीही नव्हते.

२. इओझोऊनचा वाद

या अनिश्चिततेत कॅनडातील एका शोधाने मोठी खळबळ उडविली. ओटावा नदीच्या परिसरातील अतिप्राचीन संगमरवरात कॅल्साइट व सर्पेंटाइन यांचे एकाआड एक पातळ थर असलेले नमुने सापडले. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लोगन यांना त्यांत सेंद्रिय रचना दिसली. मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठाचे प्राचार्य जॉन विल्यम डॉसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी करून तो एका प्रचंड एकपेशीय सागरी प्राण्याचा सांगाडा असल्याचे प्रतिपादन केले व त्याला ‘इओझोऊन कॅनाडेन्से’ म्हणजे कॅनडाचा उषःकालीन प्राणी असे नाव दिले. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या ग्रंथाच्या १८६६ च्या आवृत्तीत या शोधाची दखल घेतली.

सर्वेक्षणाचे रसायनज्ञ टॉमस स्टेरी हंट यांनी डॉसन यांच्या मताला रासायनिक आधार पुरविला. हंट यांच्या मते सर्पेंटाइन हे चुनखडीप्रमाणेच समुद्राच्या पाण्यातून थेट अवक्षेपित होणारे खनिज होते. प्राण्याच्या पोकळ्यांत ते समुद्रतळावरच भरले गेले, असा त्यांचा युक्तिवाद होता. अशा रीतीने आकृतीवरून प्राणी आणि खनिजावरून समुद्र अशी दुहेरी साक्ष उभी राहिली.

आयर्लंडमधील गॉलवे येथील विल्यम किंग व टॉमस रौनी यांनी १८६६ मध्येच या साक्षीला आव्हान दिले. त्यांचा मुद्दा असा की, ज्या रचनेला प्राण्याच्या नलिका म्हटले जाते, ती सर्पेंटाइनच्या तंतुमय वाढीमुळे व खनिजांच्या परस्परांतील प्रतिस्थापनेमुळे निर्माण होते. आणि अशी रचना केवळ रूपांतरित खडकांतच का आढळावी, याचे उत्तर प्राण्याच्या पुरस्कर्त्यांना देता येत नाही. वाद तीस वर्षे चालला. १८९४ मध्ये हेन्री जॉन्स्टन-लाव्हिस व जॉन वॉल्टर ग्रेगरी यांनी व्हेसूव्हिअस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडकाच्या तुकड्यांत हुबेहूब तीच पट्टेदार रचना दाखवून दिली. ती रचना चुनखडकावर झालेल्या उष्णतेच्या क्रियेची होती. तिच्यासाठी प्राण्याची आवश्यकता नव्हती. डॉसन १८९९ मध्ये निवर्तले, तोपर्यंत त्यांनी आपले मत सोडले नाही. परंतु शास्त्राने ते सोडले होते.

हंट यांचे सर्पेंटाइनविषयीचे मतही टिकले नाही. हे खनिज प्राय: ऑलिव्हीनसारख्या मॅग्नेशियमयुक्त खनिजांवर पाण्याची क्रिया होऊन तयार होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सूक्ष्मदर्शकी अभ्यासाने स्पष्ट झाले. तथापि या खंडनात एक महत्त्वाची गोष्ट शिल्लक राहिली. सर्पेंटाइन समुद्रातून अवक्षेपित झालेले नसले, तरी त्याच्या वजनाचा सुमारे १३ टक्के भाग पाणी असतो, आणि ते पाणी कोठून तरी आलेले असते. ते कोठून आले, हे ओळखण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

३. समुद्रतळावरील रूपांतरण

दुसरा धागा बेसाल्टच्या अभ्यासातून आला. पाण्याखाली लाव्हा बाहेर पडला की त्याचा पृष्ठभाग तत्काळ थिजतो व एकावर एक रचलेल्या उशांसारखे गोलाकार पिंड तयार होतात. अशा उशी-लाव्हाच्या संगतीत सोडियमचे प्रमाण अधिक असलेले, हिरवट पडलेले बेसाल्ट वारंवार आढळत. ब्रिटनमधील अशा खडकांवर हेन्री ड्यूई व जॉन फ्लेट यांनी १९११ मध्ये लिहिले, आणि तेव्हापासून ‘स्पिलाइट’चा प्रश्न अनेक दशके गाजत राहिला. हे सोडियम मूळ शिलारसातील, की समुद्रातून आलेले?

उत्तर समुद्रतळावरूनच मिळाले. १९६६ मध्ये मेल्सन व व्हॅन अँडेल यांनी मध्य अटलांटिक पर्वतरांगेवरून उपसून काढलेल्या रूपांतरित बेसाल्टांचे वर्णन प्रसिद्ध केले. रूपांतरण केवळ पर्वतांच्या मुळाशीच होते, हा समज त्यामुळे ढळला. १९७५ मध्ये बिशॉफ व डिक्सन यांनी प्रयोगशाळेत २०० अंश सेल्सियस तापमानास समुद्राचे पाणी व बेसाल्ट यांची परस्परक्रिया घडवून दाखविली. पाण्यातील मॅग्नेशियम खडकात शिरते व खडकातील कॅल्शियम पाण्यात उतरते, असे त्यांना आढळले. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ उष्ण पाण्याचे झरे प्रत्यक्ष पाहण्यात आले, आणि १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर सुमारे ३५० अंश तापमानाचे पाणी ओकणारे धुरकट स्तंभ सापडले. समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खाली जाते, तापते, खडकाचे रूपांतर करते व परत येते, हे यानंतर निर्विवाद झाले.

या शोधाने प्रश्नाची मांडणीच पालटली. रूपांतरण म्हणजे समुद्राची खूण पुसणारी क्रिया, असे एरवी गृहीत धरले जाई. आता असे दिसले की, समुद्रतळावरील रूपांतरणाच्या क्रियेतच समुद्राचे पाणी खनिजांत कोंडले जाते. पुरावा नष्ट करणारी म्हणून जी क्रिया प्रसिद्ध होती, तीच येथे पुरावा निर्माण करणारी ठरली.

४. समस्थानिकांचा आधार

कोंडलेले पाणी ओळखण्याचे साधन रसायनशास्त्राने पुरविले. हॅरल्ड युरी यांना जड हायड्रोजनाच्या शोधासाठी १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९४७ मध्ये त्यांनी, एकाच मूलद्रव्याचे हलके व जड अणू निरनिराळ्या पदार्थांत तापमानानुसार थोड्या वेगळ्या प्रमाणात वाटले जातात, याची सैद्धांतिक मांडणी केली. १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी समुद्रजलाचे एक सरासरी प्रमाण मानक म्हणून निश्चित केले, व त्याच्या तुलनेत दर हजारी किती अधिक-उणे हे सांगण्याची पद्धत स्थिर झाली.

बेसाल्टच्या बाबतीत ही पद्धत फार उपयुक्त ठरली. ताज्या बेसाल्टमधील जड ऑक्सिजनाचे प्रमाण समुद्रजलाच्या मानकापेक्षा दर हजारी सुमारे ५.७ ने अधिक असते. समुद्रजलाने थंड अवस्थेत क्रिया केली तर हा आकडा वाढतो. तीनशे अंशांहून अधिक तापमानास क्रिया केली तर तो घटतो. १९७६ मध्ये म्यूलेनबाख्स व क्लेटन यांनी या दोन क्रिया एकमेकींची भरपाई करतात व त्यामुळे समुद्राच्या ऑक्सिजनाचे प्रमाण दीर्घकाळ स्थिर राहते, असे प्रतिपादिले. १९८१ मध्ये ग्रेगरी व टेलर यांनी ओमानमधील समाइल येथील, जमिनीवर उचलल्या गेलेल्या क्रिटेशस काळातील समुद्रतळाचा उभा छेद तपासला. वरच्या उशी-लाव्हात आकडा ५.७ हून पुष्कळ अधिक, खालच्या गॅब्रोत त्याहून कमी, आणि सर्वांची सरासरी पुन्हा मूळच्या आकड्याजवळ, असे त्यांना आढळले. समुद्राच्या पाण्याने पाच किलोमीटरांहून खोलवर जाऊन खडकावर आपली मुद्रा उमटविली होती.

आता प्रश्न असा उरला की, ही मुद्रा साडेनऊ कोटी वर्षांच्या खडकात टिकली, तर ३८० कोटी वर्षांच्या, पुन:पुन्हा तापलेल्या खडकात टिकेल काय?

५. इसुआ : आकृतीची मर्यादा

या प्रश्नाची कसोटी नैऋत्य ग्रीनलंडमध्ये लागली. नूक शहराच्या ईशान्येस सुमारे १५० किलोमीटरांवर, हिमस्तराच्या कडेला, इसुआ येथे सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा खडकांचा एक कमानदार पट्टा आहे. त्यात अँफिबोलाइट, अभ्रकयुक्त सुभाजा, मॅग्नेटाइट व क्वॉर्ट्झ यांचे पट्टेदार लोहखडक आणि मॅग्नेशियमप्रचुर गडद खडक आहेत. १९७३ मध्ये ऑक्सफर्डचे स्टीफन मूरबाथ आणि त्यांचे सहकारी ओनायन्स व पँकहर्स्ट यांनी तेथील लोहखडकाचे वय शिशाच्या समस्थानिकांवरून ३७६ कोटी वर्षे (अधिक-उणे ७ कोटी) असे ठरविले. पाण्यात खाली बसलेले इतके जुने खडक तोपर्यंत ज्ञात नव्हते.

प्रारंभी इसुआचे वाचन मुख्यत: आकृतीवरून झाले. गोटेरी खडकाला नदी वा किनाऱ्यावरील गोट्यांचा थर, कार्बोनेटयुक्त पट्ट्यांना सागरी चुनखडक मानण्यात आले. १९९६ मध्ये रोझ, रोझिंग व ब्रिजवॉटर यांनी दाखवून दिले की, येथील पुष्कळसा कार्बोनेट समुद्रात बसलेला नाही; खडक जमिनीखाली खोलवर असताना कार्बन डायऑक्साइडयुक्त द्रवांनी तो मागाहून निर्माण केला आहे. मूळ गाळाच्या खडकांची यादी त्यामुळे बरीच आखडली.

आकृतीवर विसंबण्याचा धोका अलीकडेही दिसून आला. २०१६ मध्ये नटमन व सहकाऱ्यांनी इसुआच्या कार्बोनेट खडकातील शंकूसारखे उंचवटे हे ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातील सूक्ष्मजीवांनी रचलेले थर होत, असे प्रतिपादिले. २०१८ मध्ये ऑलवूड व सहकाऱ्यांनी त्याच ठिकाणच्या खडकाचा त्रिमितीय अभ्यास केला. समोरून शंकूसारखे दिसणारे आकार बाजूने पाहता लांबट कणे ठरले, आणि त्यांचे कारण खडकाचे विरूपण हेच असल्याचे मत त्यांनी मांडले. व्हेसूव्हिअसच्या दगडांनी १८९४ मध्ये जो धडा दिला होता, त्याचीच ही पुनरुक्ती म्हणता येईल. ताण व उष्णता यांच्या संयोगाने खडक कोणतीही आकृती घेऊ शकतो.

मात्र सर्वच आकृती अविश्वसनीय ठरल्या नाहीत. कमी विरूपण झालेल्या भागांत उशी-लाव्हाचे पिंड आजही ओळखू येतात. ते पाण्याखालील उद्रेकाचे द्योतक होत. पण ते पाणी खारे होते की गोडे, उथळ होते की खोल, हे ते सांगू शकत नाहीत.

हाच फरक पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सच्या झिर्कॉन कणांबाबतही ध्यानात ठेवावा लागतो. २००१ मध्ये दोन संशोधक गटांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांनुसार, तेथील रूपांतरित गोटेरी खडकात सापडलेल्या, ४४० कोटी वर्षांपर्यंत जुन्या असलेल्या कणांत जड ऑक्सिजनाचे प्रमाण अपेक्षेहून अधिक आहे. यावरून त्या काळी पृष्ठभागावर द्रवरूप पाणी होते असे अनुमान निघते. परंतु ‘पाणी होते’ आणि ‘समुद्र होता व त्याचे पाणी अमुक प्रकारचे होते’ ही दोन विधाने सारखी नाहीत. दुसऱ्या विधानासाठी समुद्रजलाची स्वतंत्र ओळख पटविणारा पुरावा हवा.

६. लोहखडक, तोरमल्ली आणि सर्पेंटाइन

असा पुरावा तीन दिशांनी पुढे आला. पहिला लोहखडकांतील विरल मृत्तिका मूलद्रव्यांचा. इट्रियम व होल्मियम ही मूलद्रव्ये रासायनिक दृष्ट्या जुळी असली, तरी समुद्रजलात ती वेगळी होतात. सामान्य अग्निज खडकांत त्यांचे परस्परांशी प्रमाण २७ च्या आसपास, तर आजच्या समुद्रात ४० हून अधिक असते. २००४ मध्ये बोल्हार, कांबर, मूरबाथ व सहकाऱ्यांनी इसुआच्या लोहखडकांत हीच समुद्रजलाची ठेवण दाखविली. शिवाय त्यांत युरोपियमचा जो अधिकांश आढळतो, तो समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचा द्योतक आहे. ही मूलद्रव्ये रूपांतरणात सहसा फार दूर हलत नाहीत. म्हणून या साक्षीला वजन आहे.

दुसरा पुरावा तोरमल्लीतील बोरॉनचा. आजच्या समुद्रजलात जड बोरॉनाचे प्रमाण खंडीय खडकांपेक्षा दर हजारी सुमारे ५० ने अधिक असते. तोरमल्ली हे उष्णतेला दीर्घकाळ दाद न देणारे खनिज असल्यामुळे शोसिडाँ व अपेल यांनी १९९७ मध्ये इसुआच्या तोरमल्लीवरून आद्य समुद्रातील बोरॉनाचा अंदाज केला. तो आजच्यापेक्षा कमी निघाला.

तिसरा पुरावा सर्पेंटाइनचा. २०१२ मध्ये एमिली पोप, डेनिस बर्ड व मिनिक रोझिंग यांनी इसुआच्या मॅग्नेशियमप्रचुर खडकांतील सर्पेंटाइनमधील हायड्रोजन व ऑक्सिजन या दोहोंचे समस्थानिक मोजले आणि ते ज्या पाण्यापासून बनले त्याचे स्वरूप गणिताने काढले. त्यांचा निष्कर्ष दोन भागांत आहे. आद्य समुद्रातील ऑक्सिजन आजच्या समुद्रासारखाच होता. परंतु त्यातील जड हायड्रोजन आजच्यापेक्षा जास्तीत जास्त दर हजारी २५ ने (अधिक-उणे ५) कमी होता.

या लहानशा आकड्यामागील तर्क मननीय आहे. ऑक्सिजन पृथ्वीच्या निरनिराळ्या साठ्यांतच फिरत राहतो. हायड्रोजन मात्र वातावरणाच्या वरच्या थरातून अवकाशात निसटू शकतो, आणि हलका हायड्रोजन अधिक सुलभतेने निसटतो. खंडांची वाढ होताना जलयुक्त खनिजांतही हलका हायड्रोजन अधिक अडकतो. या दोन्ही कारणांनी मागे राहिलेला समुद्र हळूहळू जड होत जातो. उलट दिशेने हिशेब केला असता, आरंभीचा समुद्र आजच्यापेक्षा २६ टक्क्यांपर्यंत अधिक पाण्याचा असावा, असे या संशोधकांचे गणित सांगते.

हंट यांनी सर्पेंटाइनला समुद्राचे अपत्य मानले होते. त्यांची उपपत्ती चुकीची होती. पण ज्या खनिजाकडे त्यांनी बोट दाखविले, त्याच्या घटनेत समुद्राचे पाणी खरोखरच बद्ध असू शकते, हे दीडशे वर्षांनी सिद्ध करता आले.

७. उलटतपासणी

सर्पेंटाइनची साक्ष अंतिम आहे, असे मात्र म्हणता येत नाही. खनिजातील हायड्रोजन ऑक्सिजनापेक्षा पुष्कळ सहज बदलला जातो, आणि इसुआचा पट्टा पुढे एकाहून अधिक वेळा तापला आहे. वेनर व टेलर यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते की, खंडांवरील पुष्कळ सर्पेंटाइन पावसाच्या पाण्याची मुद्रा धारण करते. म्हणूनच इसुआचा निष्कर्ष ‘जास्तीत जास्त’ अशा मर्यादेने मांडलेला आहे. दुसरीकडे, २०२० मध्ये बेंजामिन जॉन्सन व बॉस्वेल विंग यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पॅनोरामा येथील ३२४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या छेदावरून त्या काळच्या समुद्रात जड ऑक्सिजन आजच्यापेक्षा दर हजारी सुमारे ३.३ ने अधिक असल्याचे प्रतिपादिले. हे मान्य केल्यास समुद्राचा ऑक्सिजन सदैव स्थिर राहिला, या १९७६ च्या सिद्धांतास मुरड घालावी लागते. त्यांच्या स्पष्टीकरणाप्रमाणे, तेव्हा पाण्याबाहेर आलेली जमीन अत्यल्प असल्यामुळे जड ऑक्सिजन शोषून घेणारी मातीनिर्मितीची क्रिया मंद होती. एका लहान आकड्याच्या वाचनावर खंडांच्या उदयाचा प्रश्न अवलंबून आहे.

या वादाचा महाराष्ट्र व गोवा यांच्याशीही संबंध पोहोचतो. सिंधुदुर्गातील रेडी परिसर व गोवा येथील पट्टेदार लोहखडक ज्या धारवाडी खडकसमूहाशी निगडित आहेत, त्याच्या उगमाविषयी असाच संघर्ष होऊन गेला. म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्याचे प्रमुख डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूपरेषेत धारवाडी खडक, त्यांतील गोटेरी खडकांसह, अग्निज उगमाचे मानले होते. पुढे त्याच खात्याचे बी. रामराव यांनी १९४० मधील विवेचनात त्यांतील पुष्कळ खडकांना गाळाचे खडक म्हणून स्थान दिले. चित्रदुर्गजवळील मरडीहळ्ळीच्या उशी-लाव्हाला तर आता राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. स्मीथ यांची चूक डॉसन यांच्या चुकीच्या उलट दिशेची होती. डॉसन यांनी उष्णतेच्या क्रियेत समुद्र पाहिला. स्मीथ यांनी समुद्रातील गाळात अग्नी पाहिला. दोघांपाशीही खडकाचे बाह्य रूप हाच मुख्य आधार होता.

या इतिहासावरून रूपांतरित खडकातील कोणत्याही सागरी पुराव्यास तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ही खूण समुद्राखेरीज अन्य कारणाने निर्माण होऊ शकेल काय? ती ज्या मूलद्रव्यावर आधारलेली आहे, ते त्या खडकाने सोसलेल्या तापमानास स्थिर राहते काय? आणि त्याच खडकातील दुसरे, स्वतंत्र खनिज तीच गोष्ट सांगते काय? इओझोऊन पहिल्याच प्रश्नावर कोसळले. इसुआचे बरेचसे कार्बोनेटही त्याच प्रश्नावर बाद झाले. लोहखडकातील विरल मृत्तिका पहिल्या दोन प्रश्नांस बऱ्याच अंशी उतरतात. सर्पेंटाइनचा हायड्रोजन दुसऱ्या प्रश्नापाशी अजून तपासला जात आहे. लोहखडक, तोरमल्ली व सर्पेंटाइन हे तिन्ही एकाच पट्ट्यातील साक्षीदार ३७० कोटी वर्षांहून पूर्वीच्या समुद्राकडे निर्देश करतात, एवढे मात्र आज निश्चितपणे म्हणता येते. त्या समुद्राचे पाणी किती होते व ते आजच्या पाण्याहून कितपत भिन्न होते, या प्रश्नाचा निर्णय पुढील मोजमापांवर सोपविणेच योग्य होय.